पाऊण लिटरची बाग

आमच्या घरासमोर बाग आहे, असं मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक मोगरा, जास्वंद, निदान एखादी कर्दळ डोळ्यांसमोर आणतात आणि फाटकातून आत आले की दगडांचा ढीग बघून गप्प होतात. एका शेजाऱ्याने तर विचारलं होतं की घराचं काम काढलंय का. नवीन पनवेलमधल्या आमच्या या बैठ्या घरापुढे चार फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी पट्टी आहे. तिच्यात काळे दगड आहेत, दगडांच्या फटींत झाडं आहेत, आणि ती सगळी थोड्या पाण्यावर वर्षानुवर्षं जगणारी आहेत. कोरफड, घायपात, पानफुटी, त्रिधारी निवडुंग, चिनी गुलाब. मधोमध एक अडेनियम होतं. ही बाग माझ्या बायकोने केली. मी फक्त पाणी मोजलं.

मोजण्याचं आधी सांगतो. मी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. बत्तीस वर्षं मुलांच्या हातात परीक्षानळ्या दिल्या आणि फुटलेल्या वेचल्या. माप चुकलं की प्रयोग चुकतो, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. बायको म्हणायची की हा माणूस चहात साखरसुद्धा चमचा डोळ्यांसमोर धरून घालतो. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दिवसाला पाऊण लिटरच्या वर पाणी नको. चहा, ताक, आमटी सगळं त्यातच धरायचं. ते मी असं ऐकलं, जणू दुखणं माझंच आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन एक नवंकोरं चंचुपात्र घेऊन आलो, प्रयोगशाळेत असतं तसं काचेचं, खुणांचं, अडीचशे मिलिलिटरचं. दिवसाला तीन. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. त्यात मोजायचं, पेल्यात ओतायचं आणि पेला तिच्या हातात द्यायचा. पहिल्या दिवशी तिने पेल्याचा वास घेतला आणि यात आधी ॲसिड नव्हतं ना, असं विचारलं.

मीठही बंद झालं. हे तिला जास्त लागलं, कारण ती मिठागरातली लेक. उरणकडच्या एका गावात तिच्या वडिलांचं मिठागर होतं. ती चालायला शिकली तीच मिठाच्या वाफ्यांमधल्या बांधावर. मी आपटा गावाच्या बाजूचा, पाताळगंगेच्या काठचा. आमच्या लग्नात तिच्या चुलत्याने मला चिडवलं होतं की नदीकाठच्या माणसाला पाण्याची किंमत नसते आणि मिठाची तर त्याहून नसते. मी तेव्हा हसलो होतो. पुढे तिच्या पानात अळणी भाजी वाढताना ते चिडवणं मला बरेचदा आठवायचं.

तोवर या पट्टीत अळू होतं, दोन मोगरे होते, एक केळ होती. बादलीने पाणी पिणारी झाडं. डायलिसिसहून ती पार गळून यायची, म्हणून पाणी घालणं माझ्याकडे आलं. एका संध्याकाळी मी पाइप लावून अळूला पाणी देत होतो. ती पायरीवर बसली होती. तिचं तिसरं चंचुपात्र संपून दोन तास झाले होते आणि एप्रिलचा उकाडा होता. अळवाच्या पानांवरून पाणी घरंगळत होतं, मातीत मुरत होतं, जास्त झालेलं फाटकाखालून वाहून रस्त्यावर जात होतं. ती म्हणाली, "बंद करा ते. माझ्यासमोर नका करू." मी नळ बंद केला. इतका वेळ ती त्या पाण्याकडे बघत होती आणि मी आपला तिला पाठ करून उभा होतो, याची मला लाज वाटली.

त्याच आठवड्यात तिने अळू उपटायला लावलं. मोगरे शेजारी गेले. मला जेवढं पाणी मिळतं तेवढ्यात ज्यांचं भागेल अशीच झाडं या घरात राहतील, असं तिने जाहीर केलं. मी म्हटलं, मग मलाही काढून टाक, मी दिवसाला चार तांबे पितो. ती म्हणाली की त्याचा विचार चालू आहे.

दगड तिच्या माहेरचे आहेत. माझ्या मेव्हण्याने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, जुनं घर पाडून तीन मजली इमारत बांधायला काढली होती. हिने त्याच्याकडे जोत्याचे दगड मागितले. त्याला वाटलं, बहीण वाटा मागते आहे; दगडच हवेत हे कळल्यावर त्याने टेम्पो भरून पाठवले. मी लगेच बाग रचायला निघालो तर हिने अडवलं. खाडीकाठचे दगड, साठ-सत्तर वर्षं खारा वारा प्यालेले. एक अख्खा पावसाळा ते उघड्यावर पडू देत, अंगातलं मीठ जाऊ दे, मग झाडं लावू. मी म्हटलं, दगडात कुठलं आलंय मीठ. त्यावर तिने एक दगड जिभेला लावला आणि माझ्यासमोर धरला. वर्षभरात तिने चाखलेलं ते पहिलं मीठ होतं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी दुसरीकडे पाहिलं आणि डॉक्टरांना काही सांगितलं नाही.

दगड चार महिने पावसात पडून राहिले. दसऱ्याच्या सुमारास आम्ही बाग रचली. खाली विटांचे तुकडे, वर खडी, मग रेती जास्त आणि माती कमी. दगड नुसता ठेवायचा नाही, त्याचा तिसरा हिस्सा पुरायचा आणि अंग मागे झुकवायचं. ती खुर्चीवर बसून काठीने दाखवायची आणि मी हलवायचो. उतार बरोबर झाला का हे बघायला ती वाटीभर पाणी ओतायला लावायची आणि ते कुठून कसं जातं ते बघत राहायची. मिठागरात वाफ्याचा उतार बोटभर चुकला तरी मीठ धरत नाही, असं तिचे वडील सांगत. माझी पातळी बघायची पट्टी तिने बाजूला ठेवायला लावली. पाणी थांबलं की "नाय जमला" म्हणायची, अगदी माहेरच्या बोलीत, आणि मी पुन्हा दगड उचलायचो. माझी कंबर गेली, पण बाग झाली.

अडेनियम मात्र विकतचं. शिरढोणच्या अलीकडे हायवेला लागून एक नर्सरी आहे, तिथे तिने ते निवडलं. पायथ्याशी कांद्यासारखं फुगलेलं खोड, वर चार काड्या आणि दोन गुलाबी फुलं. पाणी हे झाड त्या फुगलेल्या भागात साठवतं. डॉक्टरांनी मला रोज सकाळी तिच्या घोट्याजवळ अंगठ्याने दाबून बघायला सांगितलं होतं. खड्डा पडून तसाच राहिला तर अंगात पाणी जास्त झालंय असं समजायचं. मी तिचा घोटा दाबायचो आणि ती मग बाहेर जाऊन अडेनियमचं खोड दाबायची. टणक लागलं तर पाणी पुरेसं आहे, जरा दबलं तर तहान लागलीय. "याचेही पाय सुजलेत," ती म्हणायची, "पण याला कुणी बोलत नाही."

पनवेलात अशी झाडं लावली की त्यांना दुष्काळाची भीती नसते, भीती आमच्या पावसाची असते. घायपात आणि निवडुंग तग धरतात, अडेनियम कुजतं. पहिल्या वर्षी मी प्लास्टिक बांधलं, ते वाऱ्याने उडून समोरच्या गाडीवर जाऊन बसलं. मग तिने भावाकडून जुनं इरलं मागवलं. पूर्वी भात लावताना बायका डोक्यापासून पाठीवर घ्यायच्या ते बांबूचं आणि पानांचं छत. आता कुणी वापरत नाही, पण त्याच्या माळ्यावर होतं. दर जूनमध्ये ते इरलं अडेनियमवर चढायचं आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी वाकून आमच्या दारात लावणी करतंय. पोस्टमन एकदा त्याला "मावशी" म्हणून बाजूला व्हायला सांगत होता. ती त्यावर आठ दिवस हसली.

आणि थंडीत अडेनियमची पानं गळायची. पानं गळाली की ते झोपलं. मग होळीपर्यंत थेंब नाही. हा तिचा नियम होता आणि त्यात सूट नव्हती. झोपलेल्या झाडाला पाणी पिता येत नाही, घातलेलं तसंच मुळाशी राहतं आणि आतून सडवतं, असं तिने मला निदान पन्नासदा सांगितलं. धुळवडीच्या सकाळी मात्र ती स्वतः पायरी उतरायची आणि आपल्या सकाळच्या वाट्यातला अर्धा पेला त्याच्या मुळाशी ओतायची. आपल्या वाट्यातला. मी म्हणायचो, अगं, नळाला पाणी आहे की. ती म्हणायची की नळाचं कुणीही देतं. मग दुपारपर्यंत तिचे ओठ सुकलेले असायचे आणि मी चिडलेला असायचो.

अशी सहा वर्षं गेली.

यंदा माघाच्या थंडीत, एका रविवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास तिने पाणी मागितलं. तिची तिन्ही चंचुपात्रं संपली होती, कारण दुपारी तिने हट्टाने चहा घेतला होता. सोमवारी सकाळी डायलिसिस होतं. त्या रविवारी सकाळी घोटा दाबला तेव्हा खड्डा राहिला होता. ती म्हणाली, "अर्धा पेला द्या. जास्त नको, अर्धाच." मी म्हटलं, "उद्या. मशिनवरून आलीस की देतो." तिने पुन्हा मागितलं नाही. ती पुन्हा मागायची नाहीच कधी. तेवढा मान तिने माझ्या मोजमापाला सहा वर्षं दिला. मी तिला जिभेवर ठेवायला बर्फाचा खडा देऊ शकलो असतो. तेही सुचलं नाही, कारण मी मनात हिशेब करत होतो की चहा किती होता.

सोमवारी पहाटे तिला हाक मारली तर ती उठली नाही. शेजारची डॉक्टर मुलगी आली, तिने हात धरला आणि मान हलवली. नंतर कुणीतरी तुळशीचं पान आणि गंगाजळ आणून दिलं. मी चमच्याने तिच्या तोंडात घातलं. ते आत गेलं नाही, ओठांच्या कडेने ओघळून उशीवर आलं. ओट्यावर मी आदल्या संध्याकाळीच धुऊन पालथं घातलेलं चंचुपात्र होतं.

आमच्याकडे माणूस जिथे जातं तिथे दहा दिवस दिवा ठेवतात आणि दिव्याशेजारी पेलाभर पाणी. गेलेल्याला तहान लागते म्हणतात. रोज सकाळी पाणी बदलायचं. आदल्या दिवसाचं पाणी गटारात टाकायचं नाही, एखाद्या झाडाच्या मुळाशी घालायचं, असं मेव्हण्याने मला बजावलं. पुण्याहून आमची मुलगी आली होती. पहिले तीन दिवस ती ते पाणी घायपाताच्या मुळाशी घालत होती आणि मी कुठेच लक्ष देत नव्हतो.

चौथ्या दिवशी मी रुग्णालयात तिची फाइल आणायला गेलो. डॉक्टर भले माणूस आहेत, त्यांनी मला बसवून घेतलं. मी त्यांना एकच विचारलं. रविवारी संध्याकाळी अर्धा पेला पाणी दिलं असतं तर काय झालं असतं? ते म्हणाले की काहीच झालं नसतं. हृदय थकलं होतं, ते त्या दिवशी ना पाण्याने थांबलं असतं ना पाण्याविना चाललं असतं. माझी समजूत घालायला त्यांनी ते सांगितलं. रिक्षात बसलो आणि उरण नाका येईपर्यंत मला ते कळलं. म्हणजे देता आलं असतं.

घरी आलो आणि दिव्याजवळचा पेला उचलला. त्याच्या जागी तांब्या ठेवला, पितळेचा, काठोकाठ भरून. मोजला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उचलला आणि सरळ अडेनियमकडे गेलो. पानं नव्हती त्याला, चार उघड्या काड्या होत्या. पूर्ण तांब्या मी त्याच्या मुळाशी ओतला. मुलगी दारात आली. म्हणाली, "बाबा, त्याला होळीपर्यंत नको ना? आई म्हणायची." मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, सहा वर्षं मी मोजून दिलंय, आता नाही मोजणार. ती आत गेली. बिचारीची आई गेली होती आणि मी तिच्यावर ओरडत होतो.

रोज एक तांब्या, असं दहाव्यापर्यंत चाललं. मला नियम माहीत नव्हता असं नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तसा मी कधीच नव्हतो. सांगितलेलं मला कळतं आणि लक्षात राहतं. पण ते पाणी तिचं होतं, ते झाड तिचं होतं, आणि सकाळी ओतताना माती जो आवाज करत ते आत घेते त्याने मला बरं वाटायचं. दिवसभरात तेवढा एक क्षण बरा जायचा. दहाव्याला पाताळगंगेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. जमलेल्यांना हायसं वाटलं, काही राहिलं नव्हतं म्हणाले. मला वाटलं, हिने इथेही पुन्हा मागितलं नाही.

मुलगी पुण्याला गेली. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी सकाळी बाहेर आलो तेव्हा अडेनियम एका बाजूला कललेलं दिसलं. जवळ गेलो, वाकलो आणि तिच्यासारखं अंगठ्याने खोड दाबलं. अंगठा आत गेला. मी हात काढून घेतला तरी खड्डा तसाच राहिला, आणि त्यातून तपकिरी पाणी आलं.  तिचं एकच झाड मला सांभाळायचं होतं आणि ते मी पाणी पाजून मारलं.

मेव्हण्याला फोन केला तर तो तासाभरात आला. त्याने खोड बघितलं, मातीत हात घातला, माती पिळून बघितली आणि मला काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. रविवारची संध्याकाळ, अर्धा पेला, डॉक्टर, तांब्या. सांगता सांगता मला रडू आलं. तो मिठागरावर वाढलेला माणूस आहे, रडणाऱ्या माणसाच्या अंगाला हात लावत नाही. त्याने माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"भावोजी, आमच्याकडं असती तं आमी दिलं असतं पानी. मागंल तवा दिलं असतं. आन् ती पयल्याच वर्साला गेली असती. तुमी नाय दिलंत म्हनून सा वर्सं होती."

मला ते पटलं. पटून काही उपयोग झाला नाही, पण पटलं.

मग त्याने सुरी मागितली. सडलेलं सगळं कापत गेला, प्रत्येक वेळी सुरी पुसून, पांढरा स्वच्छ गर लागेपर्यंत. फुगलेला पाय सगळा गेला. चार काड्यांतली एक वाचली, वीतभर. तिच्या तोंडाला त्याने हळद लावली आणि मला सांगितलं की आठ दिवस सावलीत नुसती पडू दे, मग कोरड्या रेतीत उभी कर. आणि पानाचा डोळा फुटेपर्यंत पाणी नाही. होळी असो की दिवाळी. मूळ नाही तर पिणार कशाने, असं तो म्हणाला. मी हो म्हटलं.

आठ दिवसांनी मी ती काडी दोन दगडांच्या मध्ये, तिच्या जुन्या जागी, कोरड्या रेतीत लावली. त्यानंतर पाच दिवसांनी होळी आली. कोपऱ्यावर होळी पेटली, लोक नारळ घेऊन गेले, मी गेलो नाही. यंदा घरात पुरण नव्हतं.

धुळवडीच्या सकाळी लवकर जाग आली. गल्लीत पोरं पिचकाऱ्या भरत होती, नळाखाली बादल्या लागल्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेलो आणि दीड महिन्यात पहिल्यांदा चंचुपात्र उचललं. तिच्या सकाळच्या वाट्याइतकं, अडीचशेच्या खुणेपर्यंत भरलं, मग त्यातलं अर्धा पेला पाणी पेल्यात ओतलं. पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून बघितलं. सवय जात नाही. पेला घेऊन पायरी उतरलो आणि काडीपाशी बसलो.

काडीला डोळा फुटलेला नव्हता. अंगठा आणि बोटात धरून हलकेच दाबलं. टणक होती. आत कुठेतरी ती जिवंत होती आणि तिला पाणी नको होतं. दिलं असतं तर तीही गेली असती. हातात अर्धा पेला पाणी होतं. बरोबर तेवढंच, जेवढं बायकोने त्या रविवारी मागितलं होतं. मी ते तिला दिलं नव्हतं आणि आता तिच्या झाडालाही देता येत नव्हतं.

"उद्या," मी म्हणालो. ते मोठ्याने बोललो हे मला पोरांनी वळून बघितलं तेव्हा कळलं. मग मी तिथेच पायरीवर बसलो, पेला न सांडता बाजूला ठेवला आणि पोरांसमोर रडलो.